सोंगणी झाली की गोल्फच्या ड्रायव्हरचा वेग दरसाल का पडतो? कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

दरवर्षी तेच होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा (काठीचा), वेग ताशी ९३ मैल भरतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आटोपते, मी पुन्हा सरावाच्या जाळीसमोर उभा राहतो आणि वेग मोजायचा रडार ८६ दाखवतो. कधी ८५. क्लब तोच, चेंडू तेच, उभं राहण्याची पद्धत तीच. पुढे हरभरा निघेपर्यंत वेग हळूहळू वर येतो आणि ऑक्टोबर आला की पुन्हा खाली. तीन वर्षांच्या नोंदी वहीत आहेत. तिन्ही वर्षांचे आलेख काढले तर एकावर एक बसतील.

सात मैल म्हणजे किती, ते आधी सांगतो. ड्रायव्हरचा वेग एका मैलाने घटला की चेंडूचं अडीच-तीन यार्ड अंतर जातं. म्हणजे सात मैलांत १८-२० यार्ड गेले. क्लबच्या डोक्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे वेग साडेसात टक्के पडला तरी ऊर्जा १४-१५ टक्के कमी होते. जिथे दुसऱ्या फटक्याला आठ नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब, नंबर लहान तसा लांब मारणारा) पुरायचं, तिथे सहा नंबरचं काढावं लागतं. खेळणाऱ्याला हा फरक चांगलाच कळतो.

माझं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटकडे. सात एकर वावर आहे, कपाशी, सोयाबीन, तूर, आणि पाणी असलं की हरभरा. वय ५४. फौजेत असताना चार वर्षं छावणीतल्या गोल्फ कोर्सवर गवत-पाण्याची ड्यूटी होती. तिथल्या एका साहेबांनी सात नंबरचं आयर्न हातात दिलं आणि खेळ लागला तो लागलाच. आता घरामागे दोन कडुनिंबांच्या मध्ये मासे धरायची जाळी दुहेरी करून बांधली आहे, तिच्यामागे जुनी वाकळ टांगली आहे. कामं हलकी असली की महिन्यातून दोनदा नागपूरकडे जाऊन खेळून येतो. फौजेतून परतलेले, कॅडीचं (खेळाडूची क्लबची पिशवी वाहायचं) काम करता करता शिकलेले आणि घरची शेती सांभाळून खेळणारे जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. शहरातल्या जिमसाठी लिहिलेले सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

चुकीचा इलाज बरोबर का वाटत राहिला

पहिल्या वर्षी नोव्हेंबरात वेग पडला तेव्हा मी पकड बदलली. डावा हात जरा जास्त उजवीकडे फिरवून धरायला लागलो. फेब्रुवारीत वेग परत आला. मला वाटलं, पकडीनं काम केलं.

दुसऱ्या नोव्हेंबरात पुन्हा पडला. पकड तर सुधारलेलीच होती. मग शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, संशय गेला. नागपूरहून जरा लवचिक शाफ्टचा वापरलेला ड्रायव्हर साडेसहा हजाराला आणला. फेब्रुवारीत वेग परत आला. श्रेय शाफ्टला गेलं.

तिसऱ्या वर्षी वेग पडला तेव्हा मी अंगणात बसून क्लबच्या डोक्याकडे बघत होतो. बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुमची काठी दरसाल सोंगणीच्याच टायमाले काऊन बिघडते हो?"

मी वही काढली आणि प्रत्येक तारखेशेजारी त्या आठवड्यात वावरात काय चाललं होतं ते लिहीत गेलो. पेरणी, डवरणी, निंदण, फवारणी, सोंगणी, वेचणी, ओलित. तासाभरात सगळं उघड झालं. इलाज कोणताही केला असता तरी फेब्रुवारीत वेग परत येणारच होता, कारण फेब्रुवारीत शरीराला सवड मिळत होती. जो बिघाड वर्षातून एकदा येतो आणि आपोआप जातो, त्याच्यावर शेवटी जे काही केलं तेच औषध वाटतं. म्हणून बिघाड फिरून फिरून येत असेल तर पहिलं काम हेच: वेगाच्या नोंदीशेजारी कामाची, झोपेची आणि दुखण्याची नोंद ठेवा. किमान एक वर्ष.

आधी खात्री करा की वेगच पडला आहे

अंतर कमी झालं म्हणजे वेग कमी झाला असं नाही. डिसेंबरच्या सकाळी आपल्याकडे पारा दहा अंशांवर येतो. थंड हवा दाट असते, थंड चेंडूही मंद उसळतो, त्यामुळे त्याच वेगाचा फटका मे महिन्यापेक्षा आखूड पडतो. म्हणून कोर्सवरच्या यार्डांवरून निदान करू नका.

दुसरं, फटका क्लबच्या मध्यावर लागतो का ते बघा. क्लबच्या तोंडावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर पुसा आणि दहा चेंडू मारा. ठसे टाचेकडे (दांड्याच्या बाजूला) किंवा टोकाकडे पसरलेले असतील तर तुमची अडचण फटक्याची आहे. मध्यावर बसलेल्या ड्रायव्हरच्या फटक्यात चेंडूचा वेग क्लबच्या वेगाच्या जवळजवळ दीडपट असतो. ठसा बाजूला सरकला की हे प्रमाण झपाट्यानं घसरतं. एलपीजीए टूरवरच्या (व्यावसायिक स्पर्धा खेळणाऱ्या) महिलांच्या क्लबचा सरासरी वेग ९४-९५ मैल आहे. हौशी पुरुषांचा ९३ च्या आसपास असतो, म्हणजे जवळपास तेवढाच. तरी त्या आपल्यापेक्षा लांब आणि सरळ मारतात, कारण ठसा मध्यावर असतो.

तिसरं, रडार. हातात मावणारा छोटा रडार असेल तर तो दरवेळी एकाच जागी ठेवा. मी चेंडूच्या मागे चार फुटांवर एक विटकर गाडून ठेवली आहे, तिच्यावरच तो बसतो. वीतभर जागा बदलली तरी आकडा हलतो. पाच स्विंग घ्या, म्हणजे क्लब पाचदा पूर्ण फिरवा, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा सोडा, उरलेल्या तिघांची सरासरी लिहा. रडार नसेल तरी पुढच्या चाचण्यांवरून निम्मं निदान होतं.

जाळीसमोर उभे राहिलेले दोघं

खरा उलगडा मला ज्या संध्याकाळी झाला ती सविस्तर सांगतो.

माझा पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे डांबरी रस्त्यावर १६०० मीटर, मग १०० मीटरच्या धावा, आणि आठवड्यातून तीनदा ७.२६ किलोचा गोळा. त्यानं गोल्फचा क्लब कधी धरला नव्हता. आमचा सालदार वयानं पस्तिशीचा, गावात ताकदीला त्याच्या तोडीचा माणूस नाही. सोयाबीनचा क्विंटलाचा कट्टा बंडीवर एकटा चढवतो. त्या दिवशी दोघंही अंगणात होते. मी दोघांना पकड दाखवली, धोका समजावला आणि चेंडू न ठेवता नुसते दहा-दहा स्विंग घ्यायला लावले.

पुतण्याचे पहिले तीन वेडेवाकडे गेले. चौथ्याला रडार ९७ वर गेला, सातव्याला १०१. सालदाराचा सगळ्यात चांगला आकडा ७४. त्यानं दात आवळले होते, मान ताठ झाली होती, दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. क्लब खाली ठेवून तो म्हणाला, "एवढीशी काडी, अन् जोरच लागत नाई हिले."

मग मी दोघांना जागेवरून लांब उडी मारायला सांगितली, मातीत रेघ ओढून. पुतण्या २ मीटर ४० सेंटिमीटर. सालदार १ मीटर ६०. मी स्वतः त्या दिवशी १ मीटर ५५, आणि वहीत माझीच फेब्रुवारीची नोंद होती १ मीटर ८२.

दोन माणसांवरून नियम ठरत नाही हे मला मान्य आहे. वयातही अंतर होतं. पण जोर लागत नाही, हे सालदाराचं बोलणं अगदी नेमकं होतं. क्लब वरून खाली चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. स्नायूला आपला पूर्ण जोर उभा करायला त्याहून जास्त वेळ हवा असतो. कट्टा उचलताना दोन-तीन सेकंद मिळतात, तिथे सालदाराची सगळी ताकद कामाला येते. स्विंगमध्ये ती ताकद जागी होईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. इथे पहिल्या पाव सेकंदात किती जोर निघतो तेवढंच मोजलं जातं, आणि धावणारा, गोळा फेकणारा, उडी मारणारा तेच कमावत असतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. ज्यांनी ज्वारीच्या वावरात मचाणावर बसून पाखरं राखली आहेत त्यांना गोफण आठवत असेल. हात फार जोरात फिरत नाही, दोरीचं टोक सुटतं आणि खडा सूं करत जातो. स्विंगही तसाच. पाय जमिनीला रेटतात, कंबर आधी फिरते, मग छाती, मग हात, शेवटी क्लब. प्रत्येक जण आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः थांबतो. कंबर फिरायलाच तयार नसेल तर हात लवकर धावतात आणि गोफणीची काठी होते. सालदाराच्या दहाही स्विंगमध्ये कंबर आणि खांदे एकत्रच फिरत होते.

आपण दिवसभर कष्ट करतो म्हणजे आपण फिट आहोत, हा समज मी आयुष्यभर बाळगला. शेतीकाम शरीर चिवट करतं, दम देतं, यात शंका नाही. पण आठ तास वाकून, सावकाश, तेच ते काम करायचं तर शरीर जोर राखून वापरायला शिकतं. वेग ही वेगळी गोष्ट आहे. ती वेगळी राखली नाही तर सोंगणी ती घेऊन जाते, आणि वय वाढतं तसं ती ताकदीच्याही आधी जाते.

कोणत्या वेळची घसरण कशामुळे

निदानासाठी मी तीनच मोजमापं ठेवली आहेत, दर रविवारी सकाळी, अंग गरम करून.

एक, जागेवरून लांब उडी. तीन प्रयत्न, सगळ्यात चांगला लिहायचा.

दोन, छातीचं वळण. खुर्चीवर बसा, गुडघ्यांत उशी दाबून धरा म्हणजे कंबर फिरणार नाही. काठी छातीवर आडवी धरा आणि उजवीकडे, मग डावीकडे वळा. जमिनीवर खडूनं ४५ अंशांच्या रेघा आखून ठेवल्या तर काठी तिथवर सहज पोचते की अडते ते घरचं कोणीही सांगू शकतं.

तीन, खुब्याचं वळण. बाजेच्या कडेला बसा, पाय लोंबकळू द्या. गुडघा जागचा न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला न्या. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा फटक्यानंतरचा सगळा भार डाव्या खुब्यावर वळतो. डावं पाऊल उजव्यापेक्षा बरंच कमी जात असेल तर ते वळण कुठून तरी काढलं जाणार, आणि बहुतेक वेळा ते कमरेतून निघतं. गोल्फ खेळणाऱ्यांच्या दुखण्यांत कंबर सगळ्यात पुढे असते, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

आता या तिघांवरून वाचन असं.

वेग पडला आणि उडीही पडली, पण दोन-तीन दिवस आराम केल्यावर दोन्ही परत आले, तर तो थकवा. पेरणी आणि डवरणीच्या दिवसांत माझं हेच होतं. इलाज करायची गरज नाही. फक्त त्या दिवसांत स्विंग बदलू नका.

उडी जागच्या जागी आहे, पण छातीचं वळण एका बाजूनं अडतं, तर ते फवारणीचं काम. १६ लिटरचा पंप भरला की २० किलोच्या घरात जातो. त्याचे पट्टे खांदे पुढे ओढतात, एका हातात नळी धरून माणूस दिवसभर एकाच बाजूला झुकतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माझं उजवीकडचं वळण रेघेच्या बरंच अलीकडे थांबतं. क्लब मागे पुरता जात नाही, म्हणजे वेग घ्यायला वाटच आखूड पडते. यावर रोज पाच मिनिटं पुरतात. कुशीवर झोपून गुडघे दुमडायचे, वरचा हात उघडत पाठीमागे जमिनीकडे न्यायचा, श्वास सोडत, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. पंपाचा हात दर टाकीला बदलला तर निम्मं काम तिथेच होतं.

फवारणीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. फवारून आल्यावर डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधुक होणं, मळमळ, अंग थरथरणं, जास्त घाम किंवा लाळ सुटणं याला थकवा समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं आपली किती माणसं गेली ते आपण पाहिलं आहे. कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. खेळाचं नंतर बघू.

उडी पडली, वळणंही अडली आणि आठवड्याच्या आरामानंही फरक पडला नाही, तर ती सोंगणी-वेचणीची घसरण. हीच मोठी. पाच-सहा आठवडे कमरेत वाकून काम, त्यात एकदाही उडी नाही, धाव नाही, झटका नाही. वापर नाही म्हणून वेगच गळून गेलेला असतो. इथे आराम पुरत नाही, वेग पुन्हा कमवावा लागतो. त्यापेक्षा सोंगणीतच तो थोडा थोडा राखला तर बरं, त्याबद्दल पुढे.

आणि आकडे एका दिवशी ९१, दुसऱ्या दिवशी ८४ असे उड्या मारत असतील तर झोप तपासा. डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन (वीज) असते. बारा वाजता मोटर सुरू करायची, थंडीत दांड बदलत फिरायचं, पहाटे घरी. अशा रात्रीनंतर दोन दिवस मी रडार काढतच नाही.

वेग कमवायचा काळ: फेब्रुवारी ते मे

आठवड्यातून दोन दिवस ताकद, दोन दिवस वेग. ताकदीसाठी मला जिम लागली नाही. युरियाची गोणी ४५ किलोची असते. रिकाम्या गोणीत वाळू भरून मी २०, ३० आणि ४५ किलोच्या तीन केल्या. गोणी छातीशी कवटाळून उठबशा, जमिनीवरून कंबर मागे ढकलत पाठ सरळ ठेवून गोणी उचलणं, जोर काढणं, आणि कडुनिंबाच्या फांदीला दोर बांधून अंग वर ओढणं. पाच-सहा वेळा करून दमछाक व्हावी एवढं वजन, तीन फेऱ्या. गोणी वाकड्या पाठीनं उचलायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती इथे सोडावीच लागते. आरशासमोर किंवा पोराला मोबाईलवर चित्रण करायला लावून एकदा पाठ बघून घ्या.

वेगाचे दिवस वेगळे. या दिवशी दमायचं नाही. जागेवरून लांब उडी, पाच. तीन किलो वाळूची थैली दोन्ही हातांत धरून स्विंगसारखी कमरेतून बाजूला भिंतीवर फेकणं, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. मग क्लब उलटा धरायचा, क्लबच्या डोक्याजवळ, घट्ट, आणि हलक्या टोकाला जितका जमेल तितका वेग द्यायचा. आवाज ऐका. सूं हा आवाज चेंडूच्या जागी किंवा त्याच्या पुढे यायला हवा. मागेच येत असेल तर वेग आधीच खर्च होतो आहे. पाच स्विंग, दोन मिनिटं थांबा, पुन्हा पाच. एकूण २५-३० च्या वर नाही. रडारचा आकडा दिवसाच्या चांगल्या आकड्यापेक्षा चार-पाच मैल खाली आला की त्या दिवशी थांबा. दमलेल्या अंगानं घेतलेला स्विंग अंगाला हळू फिरायलाच शिकवतो. डाव्या बाजूनंही थोडे स्विंग घ्या, कमरेला तोल राहतो. आणि आजूबाजूला लेकरं, जनावरं नाहीत याची दरवेळी खात्री करा.

वजन वाढवून वेग मिळतो का, हे मला बरेच जण विचारतात. अमेरिकेच्या ब्रायसन डीशॅम्बोनं शरीर कमावलं, स्विंगला वेग आणला आणि २०२० ची यूएस ओपन जिंकली, हे खरं. पण तो रोजचे कित्येक तास त्यालाच देत होता. मला त्याच्यापेक्षा दक्षिण आफ्रिकेचा गॅरी प्लेअर जवळचा वाटतो. अंगानं लहान, १९५० च्या दशकापासून व्यायाम करत आलेला, तेव्हा गोल्फवाले वजनं उचलायला घाबरत असत. नऊ मेजर (सगळ्यात मोठ्या) स्पर्धा त्यानं जिंकल्या. आणि अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली ती लांब मारणाऱ्यांच्या गर्दीत कमी अंतराच्या ड्रायव्हरनं, पटिंगच्या (चेंडू हळूच ढकलून खळग्यात घालण्याच्या) बळावर. तेव्हा वेग वाढला नाही तर खेळ सोडायचा, असं मुळीच नाही. पीजीए टूरवरच्या व्यावसायिक पुरुषांची सरासरी ११५ मैलांच्या आसपास आहे, तिच्याकडे बघून पन्नाशीतल्या माणसानं कंबर मोडून घेऊ नये. एका हंगामात चार-पाच मैल परत आले किंवा वाढले तर ती चांगली कमाई आहे.

राखायचा काळ: जून ते जानेवारी

माझी सगळ्यात मोठी चूक ही होती की पेरणी लागली की मी सगळं सोडत असे. ताकद आणि वेग कमवायला जेवढं लागतं त्याच्या थोड्या हिश्शावर ते टिकतात, अट एवढीच की जोर तेवढाच ठेवायचा, फेऱ्या कमी करायच्या. आता आठवड्यातून दोन सकाळी, वावरात जायच्या आधी, बारा मिनिटं. तीन मिनिटं अंग गरम करणं, पाच उड्या, थैलीच्या सहा फेकी, दहा वेगवान स्विंग. रविवारी तीस किलोच्या गोणीच्या दोन फेऱ्या. बस.

सकाळीच का, तर संध्याकाळी अंग मोडलेलं असतं आणि वेगाचं काम ताज्या अंगानंच होतं. संध्याकाळी फक्त खुबा आणि पाठ मोकळी करतो. एक गुडघा जमिनीला टेकवून, मागच्या पायाचा खुबा पुढे ढकलायचा, एकेका बाजूनं मिनिटभर. वेचणी करून आल्यावर याचा जो आराम वाटतो तो सांगून कळणार नाही. घरातल्या बायाही आता ओसरीवर बसून हेच करतात, कारण वेचणी तर त्यांच्याच कमरेवर असते.

ताट, पाणी आणि रक्त

इथे आपली एक जुनी उणीव आहे. आपण सोयाबीन पिकवतो आणि सगळं मार्केटला नेतो. भाकरी, आलन, चटणी, तुरीचं वरण एवढ्यावर राबणाऱ्या शरीराला प्रथिनं कमी पडतात. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, हरभऱ्यात २० च्या आसपास, एका अंड्यात सहा. मी घरचं सोयाबीन चांगलं भाजून पिठात मिसळायला लागलो, कच्चं खायचं नाही, ते पचत नाही. सकाळी भिजवलेले चणे, दोन अंडी, रात्री दूध. माझ्यासारख्या ६८ किलोच्या माणसाला ताकदीचा व्यायाम करताना दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, आणि ती तीन-चार वेळच्या खाण्यात वाटून.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ वर जातो, आमच्याकडेही फार मागे नसतो. अंगाच्या वजनाच्या दोन टक्के इतकं पाणी कमी झालं तरी जोर आणि नजर दोन्ही ढिले पडतात. म्हणून उन्हाळ्यात सराव सूर्य वर यायच्या आत संपवायचा, आणि पाण्यात मीठ-साखर-लिंबू.

एवढं करूनही अंगात जोर येत नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. पूर्व विदर्भातल्यांनी सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी एकदा करून ठेवावीच. सिकलसेलचा वाहक असलेल्या माणसानं कडक उन्हात, पाणी न पिता, जोराचा व्यायाम करणं धोक्याचं आहे, आणि वाहक आहोत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कमरेचं दुखणं पायात उतरत असेल किंवा पाय बधिर होत असेल तर स्विंग बंद आणि डॉक्टरकडे.

यंदाची नोंद

यंदा जूनपासून बारा मिनिटं सोडली नाहीत. सोंगणीत तीन सकाळी हुकल्या, थ्रेशर आमच्याकडे पहाटेच आला म्हणून. दिवाळीनंतरच्या रविवारी विटकरीवर रडार ठेवला. उडी १ मीटर ७७. उजवीकडचं वळण रेघेला टेकलं. पाच स्विंगांची सरासरी ९१. पकड तीन वर्षांपूर्वीचीच, आणि ड्रायव्हर जुना, साडेसहा हजारांचा नाही.

रात्रीच्या लाईनीचं मात्र अजून जमलेलं नाही. डिसेंबरात आकडे अजूनही ८५ ते ९१ मध्ये हेलकावे खातात. यंदा आम्ही शेजारच्या वावरवाल्यासोबत पाळी लावून घेतली आहे, एक रात्र तो दोन्ही मोटरींकडे बघेल, एक रात्र मी. दुपारी जेवल्यावर तासभर झोप, आणि रविवारची मोजणी लाईनीच्या रात्रीनंतर आली तर ती मंगळवारी. फेब्रुवारीपर्यंतच्या नोंदी झाल्या की त्याही इथेच लिहीन.